मेजावरचा संगणक आणि उद्याचा प्रोसेसर



१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला. त्याच वर्षी, १२ ऑगस्टला, सातासमुद्रापलीकडे न्यूयॉर्कमध्ये आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' लोकांपुढे मांडला. मेजावर मावणारे संगणक त्याआधीही होते. पण आज कचेऱ्यांतून, शाळांतून, छापखान्यांतून जो आपण पाहतो त्याचे घराणे त्या दिवसापासून सुरू होते. म्हणजे आपला जिल्हा आणि हे यंत्र एकाच वर्षाची लेकरे. दोघांनीही चाळिशी केव्हाच ओलांडली आहे, आणि दोघांविषयीही आपण एकच वाक्य सतत ऐकत आलो आहोत: 'खरी सुधारणा पुढेच आहे, थोडे थांबा.' जिल्ह्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. यंत्राविषयी मात्र मी आज बोलणार आहे, कारण या थांबण्यात मी एक चूक केली आणि तिची किंमत मी स्वतः दिली नाही, दुसऱ्यांनी दिली.

मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. आयुष्यभर गणित शिकवले. १९९० साली आमच्या शाळेत, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून, एक संगणक घेण्याइतका पैसा जमला. खोली रिकामी केली, भिंतींना चुना लावला, दारावर 'संगणक कक्ष' अशी पाटी रंगवून घेतली. मग समितीची बैठक बसली. बाजारात त्या वेळी '३८६' प्रोसेसरचे यंत्र मिळत होते. पण १९८९ सालीच '४८६' जाहीर झाला होता. मी चार मासिके वाचून त्या विषयातला जाणकार ठरलो होतो. मी उठून सांगितले, 'आज ३८६ घेणे म्हणजे जुने घेणे. ४८६ ची किंमत उतरेपर्यंत थांबू.' सर्वांना ते शहाणपणाचे वाटले. १९९१ च्या जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले आणि परदेशी भागांवर चालणारे यंत्र उतरण्याऐवजी महागले. मग १९९३ साली पेंटियम आला. पुन्हा माझाच सल्ला, आता पेंटियमच घेऊ. १९९४ च्या अखेरीस, आम्ही मागणी नोंदवण्याच्या बेतात असता, बातमी आली की पेंटियम काही भागाकार चुकीचे करतो! गणिताच्या मास्तरला याहून मोठा धक्का कोणता? पुन्हा थांबलो. अखेर १९९५ च्या जूनमध्ये यंत्र आले. कोणते आले म्हणाल? जमलेल्या पैशात बसणारे, म्हणजे ४८६ च!

या पाच वर्षांत पाच तुकड्या त्या पाटीखालून गेल्या. आत जगाचे नकाशे आणि कवायतीचे डंबेल्स ठेवलेले होते. त्या मुलांपैकी एक जण मला पुढे बाजारात भेटला. तो म्हणाला, 'सर, आमच्या वेळी पाटी होती.' एवढेच म्हणाला. आजच्या व्याख्यानाचा विषय मी त्याच्या त्या वाक्यापासून घेतला आहे.

आता प्रथम, ज्याची आपण वाट पाहतो ती वस्तू काय आहे ते पाहू. आपल्याकडे मेजाखालच्या सबंध डब्यालाच 'सीपीयू' म्हणण्याची रीत पडली आहे. वास्तविक सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही त्या डब्यातली बिस्किटाएवढी एक वस्तू. तिच्यात सिलिकॉनच्या पातळ तुकड्यावर विजेच्या सूक्ष्म कळा कोरलेल्या असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. कळ एक तर उघडी असते, नाहीतर मिटलेली. अशा कळांच्या जुळणीतून बेरीज होते, तुलना होते, आणि 'हे असेल तर ते कर' असा निर्णय होतो. या सर्व कळांना एक ठेका दिलेला असतो. भजनात टाळाच्या ठेक्यावर सारे पुढे सरकतात, तसे काम त्या ठेक्यावर पुढे सरकते. १९८१ च्या त्या आयबीएम यंत्रात इंटेल कंपनीचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्यात सुमारे २९ हजार ट्रान्झिस्टर होते आणि ठेका सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार. हा आकडा ऐकून आपण थक्क व्हाल. पण आजचा प्रोसेसर सेकंदाला ५०० कोटींहून अधिक ठेके देऊ शकतो. दोन ठेक्यांमधल्या अवधीत प्रकाशाचा किरणसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. आपल्या करंगळीएवढे अंतर!

ही वाढ योगायोगाने झाली नाही. एप्रिल १९६५ मध्ये गॉर्डन मूर या अमेरिकन तंत्रज्ञाने एका लेखात असे भाकीत केले की, एका तुकड्यावर बसणाऱ्या भागांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. दहा वर्षांनी, १९७५ साली, त्याने ते सुधारून 'दर दोन वर्षांनी दुप्पट' असे केले. याला मूरचा नियम म्हणतात, पण गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखा हा निसर्गाचा नियम नव्हे. तो कारखानदारांनी स्वतःला घालून घेतलेला नेम होता, एकादशीच्या उपवासासारखा. आणि तो पाळण्यासाठी त्यांनी अपार पैसा आणि बुद्धी ओतली. १९७१ च्या इंटेल ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० साली ॲपलने मेजावरच्या आपल्या लहान यंत्रात घातलेल्या एम१ मध्ये १,६०० कोटी. या वाटचालीत आपल्या मुलखाचाही दूरचा संबंध येतो. ज्या पेंटियमसाठी मी मुलांना ताटकळत ठेवले, त्याच्या उभारणीत ज्यांचे नाव अग्रभागी घेतात ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले.

तेव्हा १९९० साली मी थांबा म्हणालो ते निराधार नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. त्या काळी दोन वर्षे थांबणाऱ्याला त्याच पैशात खरोखरच दुप्पट यंत्र मिळे. १९८१ पासून २००४ पर्यंत मेजावरच्या प्रोसेसरचा ठेका जवळजवळ आठशे पट वाढला. नवी पिढी म्हणजे तेच काम झपाट्याने, असा सरळ हिशेब होता. पण २००४ साली पेंटियम ४ हा सेकंदाला ३८० कोटी ठेक्यांपर्यंत पोहोचला आणि तेथे गाडी अडली. त्यानंतरच्या वीस वर्षांत, पराकाष्ठा करूनही, ठेका दुप्पटदेखील झालेला नाही.

हे का झाले? कारण उष्णता. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की, ट्रान्झिस्टर लहान करत गेले तर त्याला वीजही त्या प्रमाणात कमी पुरते. म्हणून तेवढ्याच जागेत अधिक कळा बसवल्या तरी तुकडा अधिक तापत नाही. तीस वर्षे हे गणित जमले. पुढे कळा इतक्या बारीक झाल्या की मिटलेल्या असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. गळक्या नळासारखी! ठेका वाढवावा तर तुकडा चुलीवरच्या तव्यासारखा तापे. २००४ च्या मे महिन्यात इंटेलने 'तेजस' या नावाने चाललेल्या आपल्या पुढच्या प्रोसेसरचे काम सोडून दिले. ज्या पिढीची जग वाट पाहत होते ती पिढी जन्मलीच नाही. वाट पाहणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मग कारखानदारांनी कोणता मार्ग काढला? तो मालवणकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपण तो किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. रापण ओढताना एका माणसाची ताकद दहापट वाढत नाही. दोन दोरांना माणसे लागतात, रांगेने लागतात, आणि जाळे किनाऱ्याला येते. २००५ पासून मेजावरच्या प्रोसेसरमध्ये एकाच तुकड्यावर दोन दोन मेंदू बसवण्यास प्रारंभ झाला. त्यांना 'कोअर' म्हणतात. दोनाचे चार झाले, चाराचे आठ, सोळा झाले. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिने 'परम ८०००' तयार केला. त्यातला एकेक प्रोसेसर बाजारात मिळणाराच होता. करामत होती ती अनेकांकडून एकदिलाने काम करून घेण्याची.

परंतु रापणीचाच दाखला पुढे नेला म्हणजे या मार्गाची मर्यादाही दिसते. हिशेबापुरते असे धरा की एका खेपेला दहा तास लागतात. त्यांतला एक तास होडीतून जाळे पाण्यात सोडण्याचा आणि नऊ तास ओढण्याचे. ओढायला दुप्पट माणसे आणली तर नऊचे साडेचार होतील. आणखी आणली तर आणखी कमी होतील. पण जाळे सोडण्याचे काम एका होडीचे. किनाऱ्यावर सारा गाव लोटला तरी तो एक तास अर्धा होत नाही. म्हणून कितीही हात आले तरी दहा तासांचे काम एका तासाखाली येणे नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली संगणकाबाबत हेच मांडले. तात्पर्य, सोळा कोअरांचा प्रोसेसर घेतला म्हणून पत्र लिहिणे सोळापट वेगाने होणार नाही. चित्रपटाचे संकलन करणाऱ्याला, मोठी चित्रे घडवणाऱ्याला लाभ होईल. पावती फाडणाऱ्या दुकानदाराला तो कळणारही नाही.

आता सध्याची गोष्ट. इंटेलने आपली 'नोव्हा लेक' ही पिढी २०२६ च्या अखेरीस येईल असे जाहीर केले. एएमडीनेही 'झेन ६' या नव्या रचनेची घोषणा केली. या घोषणांच्या आगेमागे अफवांचा बाजार भरतो: इतके कोअर, तितकी गती. आमच्या १९९० च्या समितीसारख्या शेकडो समित्या देशभर पुन्हा 'थोडे थांबू' म्हणत असतील. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की, नवे ते प्रत्येक वेळी सरस निघतेच असे नाही. २००० सालचा पहिला पेंटियम ४ काही कामांत आपल्याच थोरल्या भावाच्या, पेंटियम ३ च्या, मागे पडला होता. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला इंटेलचा 'ॲरो लेक' वीज कमी खाऊ लागला खरा, पण कित्येक खेळांत आधीच्या पिढीला गाठू शकला नाही. भागाकार चुकवणाऱ्या पेंटियमसाठी तर इंटेलला साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरची तोशीस सोसावी लागली. दुसरी गोष्ट अशी की, थांबल्याने स्वस्त मिळते हा आपला जुना भरवसा आता राहिला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मेमरीचा साठा ओढून घेतल्याने २०२५ च्या अखेरीस तिच्या किमती झपाट्याने चढल्या. प्रोसेसर नवा आला आणि त्याच्या शेजारी बसवायची मेमरी परवडेनाशी झाली, तर थांबून काय साधले?

आपल्या जिल्ह्यात मात्र हा प्रश्न अगदी उलट्या दारानेही आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. पुढच्या विंडोज ११ ला जे प्रोसेसर चालतात त्यांच्या यादीत, थोडे अपवाद सोडता, २०१७ च्या आधीचे बसत नाहीत. गावोगावच्या वाचनालयांतून, शाळांतून, सोसायट्यांतून जी यंत्रे आहेत त्यांतली कितीतरी या रेषेच्या अलीकडे राहिली. त्यांतला प्रोसेसर बिघडला आहे काय? मुळीच नाही. कालपर्यंत जे करत होता ते तो आजही करतो. येथे यंत्र म्हातारे झाले नाही; त्याला म्हातारे ठरवले गेले. अशा यंत्रांवर लिनक्ससारखी मोफत व्यवस्था घालता येते, फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवता येते, मेमरी थोडी वाढवता येते, आणि यंत्र आणखी काही वर्षे सेवा देते. आपल्या किनाऱ्यावर यंत्राचे खरे वैरी निराळेच आहेत: खारी हवा, जूनचा ओलावा, आणि पावसाळ्यात दिवसातून चार वेळा जाणारी वीज. ज्या संस्थेने यूपीएस घेतला नाही, पंखा कधी झाडला नाही, तिने नव्या प्रोसेसरची चर्चा करणे म्हणजे गळक्या छपराखाली झुंबराची चर्चा करणे होय.

यावरून, मी नव्या पिढीचा विरोधक आहे असे कोणी समजू नये. नव्या पिढ्यांचे आपल्या भाषेवर मोठे ऋण आहे. १९८० च्या दशकातल्या मेजावरच्या संगणकाला आपली जोडाक्षरे झेपत नसत. 'क्ष' कसा जुळवावा, वेलांटी व्यंजनाच्या आधी कशी काढावी, हे त्याच्या कुवतीपलीकडचे होते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' तंत्र तेव्हा कामी आले. यंत्रात एक निराळे कार्ड खोचायचे, आणि देवनागरीचे ओझे त्या कार्डाने उचलायचे. पुढे प्रोसेसर बलवान झाले, मेमरी वाढली, १९९१ च्या युनिकोड संकेतात देवनागरीला स्थान मिळाले होते, आणि विंडोज २००० पासून मराठी त्या व्यवस्थेतच नांदू लागली. कार्डाची गरज उरली नाही. आज आपण सहज मराठीत लिहितो त्यामागे प्रोसेसरच्या अनेक पिढ्या खपल्या आहेत.

पण श्रोतेहो, यातले मर्म पाहा. ज्यांनी जिस्ट कार्ड केले त्यांनाही माहीत असणार की यंत्रे पुढे बलवान होतील. ते थांबले नाहीत. हाती होते त्या दुबळ्या यंत्रावर मराठी उमटवली. याहून जुना दाखला मुंबईचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण मंडळींनी भारतीय बनावटीचा मोठा संगणक उभा केला. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. तो काचेच्या व्हॉल्व्हांवर चाले, आणि तो पुरा होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत ट्रान्झिस्टरवर चालणारा परदेशी संगणक आला. मग टिफ्रॅक वाया गेला काय? तो उभारताना जी माणसे तयार झाली ती वाया गेली नाहीत. २०१९ साली आयआयटी मुंबईने 'अजित' प्रोसेसर सिद्ध केला, २०२५ च्या डिसेंबरात सी-डॅकचा 'ध्रुव६४' जाहीर झाला. मेजावरच्या परदेशी प्रोसेसरांशी त्यांची बरोबरी नाही. पण उद्याच्या परिपूर्ण यंत्रासाठी हात जोडून बसणाऱ्यांच्या देशात तेही झाले नसते.

म्हणून कसोटी कोणती लावायची? आज एखादे काम यंत्रावाचून अडले आहे काय, एवढेच विचारावे. अडले असेल तर आज जे मिळते ते घ्यावे. मधल्या किमतीचे घ्यावे, सहा महिने बाजारात राबलेले घ्यावे, मेमरी वाढवायला जागा असलेले घ्यावे. काम चालत असेल तर खुशाल थांबावे. त्या थांबण्यात कोणाचे नुकसान नाही. चूक तिथे होते, जिथे काम एकाचे अडलेले असते आणि थांबण्याचा निर्णय दुसराच घेतो. आमच्या समितीत मी गणित करत होतो आणि दिवस मुलांचे जात होते. प्रोसेसरची पिढी दोन वर्षांनी पुन्हा येते. दहावीची तुकडी पुन्हा येत नाही.

परवा संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर एका वयस्क मच्छीमाराला मी हा विषय सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, 'मास्तरानू, फुडल्या वर्साक नवा इंजिन येतला म्हणान ह्या वर्साक होडी किनाऱ्यार ठेवची काय?' पावसाळ्याची बंदी उठली, नारळ पाण्यात पडला, की आहे ती होडी लोटायची, एवढे त्याला ठाऊक आहे. नवे इंजिन आल्यावर तोही ते पारखून घेईल. पण तोवर त्याचा हंगाम बुडालेला नसेल.

आपल्या शाळांच्या, वाचनालयांच्या समित्या येत्या जूनपूर्वी बसतील. तिथे कोणी माझ्यासारखा चार मासिके वाचलेला गृहस्थ उठून 'थांबू या' म्हणालाच, तर त्याला एवढेच विचारा: या वर्षीच्या मुलांनी काय करायचे?